बर्गन ते व्हाइटहॉर्स: अंतर ६,१३५ किलोमीटर, मग प्रवास २१ तासांचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्वेतलं बर्गन आणि कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं व्हाइटहॉर्स या दोन विमानतळांमधलं अंतर एक संकेतस्थळ ६,१३५ किलोमीटर सांगतं आणि विमानाला ७ तास ४० मिनिटं लागतील म्हणतं. दुसरं संकेतस्थळ वीसेक किलोमीटर जास्त दाखवतं. तिकीट शोधायला गेलं तर २१ तासांच्या आत काहीच मिळत नाही. मग यातलं धरायचं काय?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचरचं काम केलं आहे. विमान कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे वळेल, हे सगळं उड्डाणाआधी मांडून देणारा तो माणूस. त्या अनुभवावरून सांगतो, हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण पहिल्या दोन आकड्यांवर विसंबून तुम्ही कुणाला विमानतळावर घ्यायला बोलावलंत, तर तो बिचारा अर्धा दिवस ताटकळत बसेल.

आधी अंतर. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत: बर्गन ६०.२९ उत्तर, व्हाइटहॉर्स ६०.७१ उत्तर. रेखांश मात्र ५.२२ पूर्व आणि १३५.०७ पश्चिम, म्हणजे मध्ये १४० अंशांचा फरक. भिंतीवरचा सपाट नकाशा बघून कुणीही म्हणेल की सरळ पश्चिमेला जायचं. त्या आडव्या रेषेवरून, म्हणजे साठाव्या अक्षवृत्ताला धरून गेलात, तर सुमारे ७,६८० किलोमीटर पडतील. पृथ्वीगोल हातात घ्या, दोन्ही ठिकाणांवर दोरा ताणून धरा, तो आपोआप वर सरकतो आणि ग्रीनलंडच्या वायव्य टोकाजवळून, साधारण ७९ अंश उत्तरेवरून जातो. ताणलेला दोरा जिथे बसतो ते बृहद्वृत्त, आणि तेच ६,१३५ किलोमीटर. दीड हजार किलोमीटरची बचत. या वाटेवर बर्गनहून निघालेल्या विमानाचं नाक जवळजवळ उत्तरेकडे असतं, किंचित पश्चिमेला कललेलं. आणि व्हाइटहॉर्सला ते उत्तरेकडून खाली येतं. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका नकाशा आणि गोल यांच्यातला हा फरक वाढत जातो.

गणित स्वतः करून बघायचं असेल तर अवघड नाही. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. इथे तो ०.७५७५ येतो. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. इथे उणे ०.१८६५. दोन्हींची बेरीज ०.५७१०. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन म्हणजे ५५.१८ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, की झालं. आम्ही लोक किलोमीटरपेक्षा सागरी मैलांत विचार करतो, कारण अंशाचा साठावा भाग म्हणजे जवळपास एक सागरी मैल, आणि तो १.८५२ किलोमीटरचा ठरवलेला आहे. कोनाला साठनं गुणलं की सुमारे ३,३१० सागरी मैल, तोंडी हिशोब.

दुसऱ्या संकेतस्थळाचे वीस किलोमीटर जास्त कुठून आले? पहिल्यानं पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नीटस चेंडू धरली. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. चपटेपणामुळे उत्तरेकडचा पृष्ठभाग थोडा कमी वाकलेला असतो, म्हणून तिथला एक अंश थोडा लांब भरतो. दुसऱ्यानं तो आकार हिशोबात घेतला. अर्ध्या टक्क्याच्या आतला हा फरक आहे, त्यावर डोकं शिणवू नका. खरी चूक भलतीकडेच होते.

ती म्हणजे पूर्व-पश्चिमेची. पश्चिम रेखांशाच्या आधी उणे चिन्ह द्यायचं असतं. ते राहिलं, तर व्हाइटहॉर्स उचललं जाऊन सैबेरियात, याकूतियामध्ये पडतं. गंमत म्हणजे बर्गनपासून त्या चुकीच्या जागेचं अंतर येतं सुमारे ५,८९० किलोमीटर. म्हणजे उत्तर इतकं पटण्यासारखं की कुणाला शंकाही येणार नाही. शिकाऊ असताना मी हे अगदी असंच केलं होतं, वेगळ्या दोन गावांसाठी, वरिष्ठांनी आकड्याकडे पाहिलंच नाही, फक्त विचारलं, "निघताना दिशा किती आली?" दिशा उलटी होती. तेव्हापासून मी अंतराच्या आधी दिशा बघतो. रेखांशाची चूक कॉकपिटमध्येही होते. मार्च २०१५ मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका विमानात वैमानिकाकडून सुरुवातीच्या जागेचा रेखांश भरताना आकडे चुकले आणि यंत्राच्या हिशोबात विमान खऱ्या जागेपासून अकरा हजारांहून जास्त किलोमीटर दूर गेलं. शेवटी ते मेलबर्नला उतरवावं लागलं.

नावांचा घोळ वेगळाच. सांतियागो म्हटलं की चिलीतलं एससीएल, स्पेनमधलं एससीक्यू की डॉमिनिकन प्रजासत्ताकातलं एसटीआय? कॅनडाच्या नोव्हा स्कोशातही एक सिडनी आहे आणि ऑस्ट्रेलियाला जायला निघालेले प्रवासी खरोखर तिथे जाऊन पोचलेले आहेत. छोट्या विमानतळांच्या बाबतीत गावाच्या नावावर कधीच भिस्त ठेवू नये, तीन अक्षरी कोड टाकावा. तुमच्या बाबतीत ते बीजीओ आणि वायएक्सवाय.

आता वेळ. ७ तास ४० मिनिटं कशी आली ते सांगू? ६,१३५ ला ८०० नं भागा. बस्स, एवढंच केलंय. वारा नाही, चढण-उतरण नाही, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं नाही. ९०० नं भागणारं संकेतस्थळ ६ तास ४९ मिनिटं सांगेल आणि तेही तितक्याच आत्मविश्वासानं.

वेग आधी विमानावर ठरतो. आसनांमधून चालायला एकच मार्गिका असलेली नेहमीची जेट विमानं माक ०.७८ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीच्या, आसपास उडतात. पस्तीस हजार फुटांवरच्या थंड हवेत तो वेग सुमारे ४५० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. दोन मार्गिकांची मोठी विमानं माक ०.८५ ला, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ताशी ५१० किलोमीटर. ऐकायला हा फरक फार मोठा वाटतो, पण छोट्या टप्प्यावर तो विरघळून जातो. चढणं, उतरणं, वळसे यांसाठी जेटला मी सपाट अर्धा तास धरतो आणि एटीआरला वीस मिनिटं. चारशे किलोमीटरच्या टप्प्याला जेट साधारण एक तास घेतं, एटीआर एक तास सात मिनिटं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे: २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. हिशोब केला तर ताशी ८१ किलोमीटर! अंतर कमी असलं की वेगाला काही अर्थ उरत नाही, तो हा असा.

मग वारा. लोकांना वाटतं, जाताना समोरून लागला तर येताना पाठीवर मिळेल आणि फिटंफाट होईल. होत नाही. समजा ३,३१० सागरी मैल, विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट आणि वारा ८० नॉट. वारा नसेल तर एका बाजूला ७ तास २१ मिनिटं. पाठीशी असेल तर ६ तास १५ मिनिटं, समोर असेल तर ८ तास ५७ मिनिटं. जाऊन-येऊन वारा नसताना १४ तास ४२ मिनिटं, वारा असताना १५ तास १२ मिनिटं. अर्धा तास खिशातून गेला, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. मध्य अक्षांशांवर हे फार ठळक दिसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वादळामुळे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, जोरात होता म्हणून. एरवी उलट दिशेला त्याच मार्गावर साडेसात-आठ तास जातात. त्या वेळी जमिनीच्या मानानं वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या घरात गेला होता आणि 'ध्वनीचा वेग ओलांडला' अशी चर्चा झाली. ओलांडला नव्हता. विमान हवेतून आपल्या नेहमीच्या वेगानंच जात होतं, हवाच पळत होती.

त्यामुळे आम्ही सर्वांत कमी अंतराची वाट क्वचितच घेतो. सर्वांत कमी वेळेची घेतो आणि ती रोज बदलते. त्यात बंद हवाई हद्दींची भर पडते. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियोचं साधारण नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांवर गेलं. काही वेळा ते चक्क उत्तर ध्रुवावरून नेलं जातं. दोन शहरं जागची हलली नाहीत, अंतराच्या संकेतस्थळावरचा आकडाही हलला नाही. अशा वळशांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबात बृहद्वृत्ताच्या अंतरात सरसकट भर घालते: ५५० किलोमीटरपर्यंत ५०, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. कच्च्या हिशोबाला ही भर पुरते.

तुमची बर्गन-व्हाइटहॉर्स वाट खरोखर कुणी थेट उडवायची म्हटली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आल्यावाचून राहिला नाही. सवय. दोन्हीकडे धावपट्ट्या लांब आहेत, तिथे अडचण नाही. (नॉर्वेतल्याच अनेक छोट्या विमानतळांवर ८०० मीटरच्या धावपट्ट्या आहेत, तिथे जेटचं नावच काढायला नको.) एअरबसच्या ए३२० निओ या एका मार्गिकेच्या विमानाची पल्ल्याची जाहिरात ३,४०० सागरी मैलांची; ३,३१० च्या मार्गावर ते कागदावर बसतं, पण समोरचा वारा, राखीव इंधन आणि पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन धरलं की बसत नाही. त्याच्या लांब पल्ल्याच्या भावंडाची, ए३२१ एलआरची, ४,००० ची, ते पुरेल. मग दोन इंजिनांचा नियम येतो: एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेवर सतत हवा. ७९ अंश उत्तरेला असे विमानतळ बोटांवर मोजण्याइतके, त्यांतही हिवाळ्यात हवामान चांगलं असेल तेवढेच धरायचे. इंधनाचं तापमानही बघावं लागतं. जेट ए नावाचं विमानाचं इंधन उणे ४० अंशांना गोठू लागतं, जेट ए-१ उणे ४७ ला. हे सगळं जमवता येतं, रोज कुठे ना कुठे जमवलं जातं. घोडं पेंड खातं ते शेवटच्या ओळीवर: बर्गनहून व्हाइटहॉर्सला रोज दीडशे माणसं जातात कुठे? विमान भरणार नसेल तर वाट कितीही सरळ असो, ती कागदावरच राहते.

म्हणून दोन छोट्या विमानतळांमधला प्रवास मोठ्या विमानतळांवरून जातो. अंतर मोजायचं ते टप्प्याटप्प्यानं. उदाहरणादाखल बर्गन-फ्रँकफर्ट १,१६० किलोमीटर, फ्रँकफर्ट-व्हँकुव्हर ८,०५७, व्हँकुव्हर-व्हाइटहॉर्स १,४८३. एकूण १०,७००. सरळ अंतराच्या पावणेदोनपट. पहिल्याच टप्प्यात तुम्ही दक्षिणेला हजार किलोमीटर उलटे जाता आणि शेवटच्या टप्प्यात तेवढेच, किंबहुना जास्तच, पुन्हा उत्तरेला चढता. याला द्राविडी प्राणायाम म्हणायचं नाही तर कशाला?

माझ्या ठोकताळ्यानं वेळ लावू. छोट्या दोन टप्प्यांना ताशी ८०० आणि वर अर्धा तास: १ तास ५७ मिनिटं आणि २ तास २१ मिनिटं. मोठ्याला ताशी ९०० आणि अर्धा तास: ९ तास २७ मिनिटं, पश्चिमेला जाताना समोरच्या वाऱ्यासाठी अजून अर्धा तास धरा, म्हणजे दहाच्या जवळ. बेरीज सव्वाचौदा तास. वेळापत्रकात दिसणारी वेळ ही चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नसते. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. गर्दीच्या विमानतळावर नुसतं धावपट्टीपर्यंत जायलाच वीस मिनिटं लागतात. शिवाय कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं आत घालून ठेवतात, कारण वेळापत्रकापेक्षा उशीर पंधरा मिनिटांच्या आत राहिला तर ते 'वेळेवर' मोजलं जातं. 'वारा चांगला मिळाल्यामुळे आपण लवकर पोचतोय' ही घोषणा पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा सगळं श्रेय वाऱ्याला देऊ नका.

सव्वाचौदा आणि एकवीस यांच्यामधले पावणेसात तास जमिनीवर जातात. हा भाग कुठल्याच अंतर-गणकात नसतो आणि नेमका यातच तुमच्या हातात काहीतरी असतं. प्रत्येक विमानतळाची जोडविमान पकडायला लागणारी किमान वेळ ठरलेली असते, पण ती किमान आहे हे विसरू नका. बाहेरच्या देशातून कॅनडात शिरून पुढे देशांतर्गत विमान घ्यायचं, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स पहिल्याच विमानतळावर, इथे व्हँकुव्हरला, होतं. तिथे दोन तासांखालची जोडणी मी माझ्या घरच्यांसाठी कधी घेणार नाही, आणि तिन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही न आलेले प्रवासी.

एक सुटका आहे. फ्रँकफर्टहून थेट व्हाइटहॉर्सला उन्हाळी हंगामात अनेक वर्षं विमान उडत आलं आहे. तो टप्पा ७,२७९ किलोमीटरचा. बर्गन-फ्रँकफर्ट धरून एकूण ८,४३९. म्हणजे २,२६० किलोमीटर आणि एक अख्खा थांबा वाचतो. आठवड्यातून मोजकेच दिवस असल्यामुळे तारीख त्याच्या सोयीनं ठरवावी लागते. तुमच्या वर्षाचं वेळापत्रक बघून घ्या.

घड्याळाचं तेवढं सांगतो, कारण तिकिटावरच्या वेळा वाचताना पुष्कळ जण फसतात. युकॉननं २०२० पासून घड्याळं मागे-पुढे करणं सोडलं. तिथे वर्षभर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, उणे ७ तास. नॉर्वे मात्र हिवाळ्यात अधिक १, उन्हाळ्यात अधिक २. म्हणजे फरक हिवाळ्यात ८ तास, उन्हाळ्यात ९. जुलैमध्ये बर्गनहून सकाळी १० ला निघून २१ तासांनी पोचलात, तर व्हाइटहॉर्सच्या घड्याळात त्याच दिवशी रात्रीचे १० वाजलेले असतील. तिकीट बघून वाटेल की बारा तासांत पोचलो. परतताना हेच २१ तास दुसऱ्या दिवशीच्या ३० तासांसारखे दिसतील. दोन्ही टोकांच्या वेळा आधी यूटीसीत आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी; मी आजही नातेवाइकांची तिकिटं याच पद्धतीनं तपासतो.

तिकीट निवडताना एकूण तासांपेक्षा व्हँकुव्हरहून व्हाइटहॉर्सला जाणारं त्या दिवसाचं शेवटचं विमान कुठलं आहे ते आधी बघा. तुमची जोडणी त्या शेवटच्याच विमानाशी असेल, तर फ्रँकफर्टहून निघायला झालेला दीड तासाचा उशीर तुम्हाला रात्रभर व्हँकुव्हरला बसवेल. त्याच्या आधीचं विमान मिळत असेल आणि त्यासाठी बर्गनहून पहाटे निघावं लागत असेल, तर पहाटे निघा.